साठचे आठ: भोसरीच्या एका फिटरचे लहान कारखानदारांना खुले पत्र

भोसरी, तळवडे, चाकण आणि जिथे जिथे सकाळी कंप्रेसर सुरू झाल्यावरच दिवस सुरू होतो, अशा सगळ्या एमआयडीसीतल्या शेठ, साहेब आणि मॅडम मंडळींना,

स. न. वि. वि.

मी मेंटेनन्स फिटर आहे. 31 वर्षं हेच काम केलं. आधी एका कंपनीत, नंतर दुसऱ्या, आणि आता दहा-बारा शेडमध्ये फिरून बाहेरून काम बघतो. तुमच्यातल्या काहींच्या शेडमध्ये मी येऊन गेलो असेन. नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे चार पैसे मिळाले त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही म्हणून.

मागच्या पावसाळ्यात एका शेडमध्ये कंप्रेसरच्या हवेची गळती शोधत होतो. सोबत आयटीआय करून नुकताच लागलेला एक पोरगा होता. हेडरच्या, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपाच्या, खाली थांबलो, कान लावला, म्हटलं, इथे काही नाही, पुढे चल. पोरगा जागचा हलला नाही. ''काका, इथेच सुसतंय की!'' मी परत कान लावला. काही नाही. मग त्याने माझा हात धरला आणि पाइपाच्या जोडापाशी (युनियनपाशी) नेला. बोटाला गार हवा लागली. चांगली जोरात लागत होती. आवाज मात्र मला शून्य.

गळती नुसत्या कानाने शोधणारा म्हणून माझं नाव होतं हो. लोक सांगायचे, त्याला बोलवा, तो डोळे मिटून सांगतो कुठे सुटतंय. आता साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फिरतो. बुडबुडे दिसतात, म्हणून पोट चालतंय.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावर आलेख काढून दिला. रेघ सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टरांनी कागद बघूनच विचारलं, ''कंपनीत हवेचं काम करता का?'' आवाजाने गेलेल्या कानाची ही खूण असते म्हणे. वय झालं म्हणून कान जातो तेव्हा रेघ हळूहळू उतरत जाते. आवाजाने जातो तेव्हा आधी तिथेच खड्डा पडतो. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. त्यावर औषध नाही आणि ऑपरेशनही नाही. कानात दिवसरात्र रातकिडे ओरडतात, त्यावर डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या.

आता साठ आणि आठचं सांगतो, म्हणजे बहिरा म्हणजे काय हे कळेल. लोकांना वाटतं बहिऱ्याला आवाज लहान ऐकू येतो. तसं नसतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आपल्या बोलण्यातले स, श, फ, च ही अक्षरं वरच्या पट्टीची. तीच आधी जातात. एकदा साहेब म्हणाले, एम-10 चे साठ बोल्ट आण. मी आठ आणले. साहेब हसले, सगळे हसले, मीही हसलो. 'साठ'मधला 'स' माझ्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. घरी नात ''आजोबा, साखर द्या'' म्हणते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो.

हे रडगाणं ऐकवायला पत्र लिहीत नाही. कबुली द्यायची आहे, आणि त्या कबुलीच्या जोरावर तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कबुली अशी. माझ्या टूलबॉक्सच्या तळाशी आजही पन्नासेक सायलेन्सर पडले आहेत. छोटे, पितळी, पाव इंची, काही अर्धा इंची. हे मी आयुष्यभरात वेगवेगळ्या मशीनच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हवरून, म्हणजे विजेवर हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपांवरून, काढलेले. म्हणजे ज्या आवाजाने माझा कान घेतला, तो मोकळा सोडणारा हात माझाच होता.

का काढले ते ऐका, कारण तुमच्याकडेही कोणीतरी आज हेच करतोय. मशीनमधला हवेवर चालणारा सिलिंडर पुढे गेला की मागच्या बाजूची दाबलेली हवा व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडते. तीच ती 'फस्स'. मशीन नवीन येतं तेव्हा त्या भोकावर सायलेन्सर बसवलेला असतो. ब्रॉन्झचे बारीक कण एकत्र भाजून केलेली बोंडी असते. हवा तिच्या हजारो छिद्रांतून हळू झिरपते आणि आवाज 15-20 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाचं माप) सहज खाली येतो. पण आपल्या हवेत तेल असतं. जुन्या रेसिप्रोकेटिंग (पिस्टनवाल्या) कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या की तेल वर चढतं. वर एफआरएलमध्ये (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटरच्या संचात) आपण लुब्रिकेटरचा थेंब समईतल्या तेलासारखा अखंड चालू ठेवतो. खरं तर आजकालचे बरेचसे सिलिंडर कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात, त्यांना त्या थेंबाची गरजही नसते. ते तेल, त्यात हवेतलं पाणी, त्यात धूळ, आणि सहा महिन्यांत बोंडी गच्च बसते. हवा बाहेर पडेना, म्हणून सिलिंडर हळू चालतो. क्लॅम्प उशिरा सुटतो, सायकल टाइम दोन सेकंदांनी वाढतो. ऑपरेटर ओरडतो, सुपरवायझर ओरडतो, प्रॉडक्शन पडलं म्हणून तुम्हीही ओरडता. मग फिटर येतो. पाना लावतो, सायलेन्सर काढतो, खिशात टाकतो. मशीन एकदम पळायला लागतं. सगळे खूश. फिटरला चहा.

नवीन सायलेन्सर शंभर रुपयांच्या आत-बाहेर येतो. जुना रॉकेलमध्ये रात्रभर टाकून उलट्या बाजूने हवा मारली तरी बऱ्यापैकी मोकळा होतो. पण स्टोअरमध्ये तो कधी ठेवलाच जात नाही. बेअरिंग ठेवता, व्ही-बेल्ट ठेवता, ओ-रिंगचा डबा ठेवता, मग हा का नाही? कारण सायलेन्सर नसला म्हणून मशीन थांबत नाही. थांबतो तो माणसाचा कान, आणि तोही वीस वर्षांनी, आणि तोवर तो माणूस तुमच्याकडे असतोच असं नाही.

तर पहिली विनंती ही: प्रत्येक मशीनचे एक्झॉस्ट मोजा, तेवढे सायलेन्सर आणा आणि वर तेवढेच स्टोअरमध्ये ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी बदलायची तारीख मेंटेनन्सच्या तक्त्यावर लिहा. पोर्टपेक्षा एक साइज मोठा घेतलात तर तो लवकर तुंबत नाही. आठ-दहा व्हॉल्व्ह एका जागी असतील तर सगळे एक्झॉस्ट एका जाड पाइपात घ्या आणि शेडच्या बाहेर एकच मोठा सायलेन्सर लावा. आणि ज्या फिटरने सायलेन्सर काढला, त्याला ओरडू नका. त्याला विचारा, हवेत तेल कुठून येतंय? खरं दुखणं तिथे असतं. फक्त रिसीव्हरच्या (हवेच्या टाकीच्या) सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला चुकूनही काही लावू नका. तो ओरडला तर ओरडू द्या. त्याचं कामच ते.

आता एअर गन. आपल्या भाषेत 'हवा मारणं'. सीएनसीवर जॉब झाला की ऑपरेटर हवा मारतो. फिक्श्चरमधली बर (धातूचा कीस) उडवतो, कुलंट उडवतो, जॉब पुसायच्या ऐवजी वाळवतो. शिफ्ट सुटताना अंगावर हवा मारून कपडे झटकतो. कित्येक शेडमध्ये गन नसतेच, पीयू (प्लास्टिकच्या) पाइपाच्या टोकाला बॉल कॉक आणि पुढे हातोडीने चेपलेली तांब्याची नळी. मीच अशा शेकडो नळ्या चेपून दिल्या आहेत. तिच्यासमोर हातभर अंतरावर आवाजाचा मीटर धरलात तर काटा 100 डेसिबलच्या आसपास नाचतो.

ही किंचाळी येते कुठून? गेजवर जेमतेम एक बार दाब असला, तरी उघड्या नळीच्या तोंडाशी हवा आवाजाच्या वेगाला पोचलेली असते. तुम्ही सहा-सात बार देता. मग उरलेला दाब तोंडाबाहेर येऊन फुटतो आणि आजूबाजूच्या स्तब्ध हवेवर आपटतो. 1952 साली जेम्स लाइटहिल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने याचं गणित मांडलं: हवेच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. आठव्या! म्हणजे वेग निम्मा केला तर आवाजाची ताकद 256 पटींनी पडते, डेसिबलमध्ये सुमारे 24. विमानाच्या इंजिनांसाठी काढलेलं हे गणित आमच्या तांब्याच्या नळीलाही लागू आहे. (विमान किमान कानापासून लांब असतं.)

म्हणून चांगल्या नोझलमध्ये एका मोठ्या भोकाऐवजी बारीक भोकांचा गोल असतो किंवा बाजूने बाहेरची हवा ओढून घेणाऱ्या खाचा असतात. जोर तेवढाच मिळतो, वेग कमी होतो, कंप्रेसरची हवाही बरीच कमी लागते. उघड्या नळीच्या तुलनेत आवाज 10 डेसिबलने कमी होणं ही सहज होणारी गोष्ट आहे. 10 डेसिबल म्हणजे माणसाच्या कानाला अंदाजे निम्मा आवाज. गनच्या लाइनला वेगळा रेग्युलेटर लावून दाब दोन-अडीच बारवर आणा. बर उडवायला तेवढा पुरतो. अमेरिकेत साफसफाईच्या हवेला 30 पीएसआयची मर्यादा आहे, म्हणजे दोन बारच. आणि अंगावर हवा मारणं बंद करा, ते कानासाठी नव्हे तर जिवासाठी. मस्करीत कुणाला हवा मारून आतडं फुटल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी पेपरात वाचल्या आहेत.

खरं तर अर्ध्या ठिकाणी हवा मारायची गरजच नसते. एका शेडमध्ये ऑपरेटर दिवसभर ट्रेमधले जॉब हवेने वाळवत होता. आम्ही ट्रेला खाली भोकं पाडली आणि तो तिरका ठेवला. कुलंट आपोआप निथळायला लागलं. खर्च: ड्रिलचा एक बिट.

शेठ, आता तुमच्या खिशाचं बोलतो, कारण कानाचं बोललं की तुम्ही मान डोलावता आणि बिलाचं बोललं की उठून बसता. राग मानू नका, मीही तसाच आहे.

गळतीचा तो 'सुस्स' म्हणजे तुमची वीज आहे. सात बार दाबावर तीन मिलिमीटरच्या भोकातून वीसएक सीएफएम (मिनिटाला वीसएक घनफूट) हवा जाते. ती तयार करायला चार किलोवॅटच्या आसपास वीज लागते. म्हणजे पाच एचपीचा एक अख्खा कंप्रेसर तुम्ही त्या एका भोकासाठी चालवता. दिवसाला दहा तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 12,000 युनिट. महावितरणच्या बिलातल्या तुमच्या दराने गुणून बघा. ज्यांनी कधी गळती तपासलेली नाही अशा कारखान्यांत तयार हवेतली 20 ते 30 टक्के हवा अशीच जाते. मग शेवटच्या मशीनला दाब पुरत नाही म्हणून कंप्रेसर सातवरून आठ बारवर नेतात. एक बार वाढवला की वीज सहा-सात टक्के जास्त, आणि दाब वाढला म्हणून भोकातून गळतीही जास्त, आवाजही जास्त. तहान लागली म्हणून मिठाचं पाणी प्यायचा हा प्रकार.

म्हणूनच माझं म्हणणं एवढंच आहे की हवेच्या कामातला आवाज हा बहुतेक वेळा वाया गेलेल्या हवेचा असतो. हॅमरचा आवाज, प्रेसचा आवाज, तो कामाचा. त्याला धातूवर धातू आपटावाच लागतो. कोल्हापुरात शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगवर चिपिंग हॅमर चालतो, तिथे मी तुम्हाला एका सायलेन्सरने सुटका होईल असं सांगणार नाही. तिथे वेगळी खोली, वेगळं हत्यार, माणसांची पाळीपाळीने बदली असं सगळं लागतं. पण तुमच्या-आमच्या मशीन शॉपमधली फस्स आणि सुस्स कुठल्याच कामाची नाही. तरी आपल्याकडे समजूत अशी की शेड गाजतंय म्हणजे धंदा जोरात आहे. मी एका साहेबांना ओळखायचो, ते केबिनमध्ये बसून आवाजावरून सांगायचे किती मशीन चालू आहेत. आम्ही सायलेन्सर लावले तेव्हा ते घाबरून बाहेर आले, म्हणाले, बंद का केलं सगळं?

कंप्रेसरचं स्वतःचं थोडक्यात सांगतो. बहुतेक लहान शेडमध्ये तो माळ्याच्या जिन्याखाली, दोन भिंतींच्या कोपऱ्यात असतो, शेजारी संडास आणि समोर चहाचा टेबल. कोपऱ्यात ठेवला की भिंती आणि फरशी मिळून आवाज शेडमध्येच ढकलतात. वर पत्रा, तो घंटेसारखा वाजतो. रेसिप्रोकेटिंगचा 'धडधड' निम्म्याहून जास्त सक्शनच्या तोंडातून येतो. फिल्टरला सायलेन्सरवाला डबा लावा, आणि शक्य असेल तर सक्शनचा पाइप शेडबाहेर सावलीत न्या. आत येणारी हवा दर 4 अंशांनी गरम झाली की वीज साधारण एक टक्का जास्त लागते. म्हणजे इथेही कानाचं आणि बिलाचं एकच औषध. खाली रबरी पॅड घाला, पाइपाच्या सुरुवातीला लवचीक होज लावा. नाहीतर कंप्रेसर एका कोपऱ्यात आणि थरथर अख्ख्या पाइपलाइनभर. रिसीव्हरचा ऑटो ड्रेन दर काही मिनिटांनी बंदुकीसारखा वाजत असेल तर त्याची नळी बाहेर नेऊन सायलेन्सरमध्ये सोडा.

खोली बांधणार असाल तर नीट बांधा. चारही बाजूंनी प्लायवूड ठोकून कंप्रेसर आत कोंडला तर दोन गोष्टी होतात: तो तापून ट्रिप होतो, आणि आतला आवाज भिंतींवर आपटून आपटून वाढतो. आतून रॉकवूल हवं, हवा आत-बाहेर जायला वाकड्या वाटेच्या खिडक्या हव्यात. आणि फटी बुजवा. दाराच्या एकूण क्षेत्राच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर दार कितीही जाड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडणार नाही. भिंतीला अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. त्याने आवाज अडत नाही, आग मात्र लवकर लागते. पैसे असतील आणि कंप्रेसर बदलायचाच असेल, तर बंद कॅनपीचा (पेटीतला) स्क्रू कंप्रेसर घ्या. त्याच्याशेजारी उभं राहून माणसं नेहमीच्या आवाजात बोलू शकतात.

डेसिबलचं एक हिशोबाचं गुपित आहे, ते कळलं नाही तर पैसे चुकीच्या जागी जातात. 95 च्या दोन गन एकदम चालल्या तर बेरीज 190 होत नाही, 98 होते. दहा चालल्या तर 105. उलट एक 100 ची आणि एक 90 ची असेल तर एकूण 100 आणि किंचित वर. म्हणजे 90 वाली बंद करून काहीच फरक कळत नाही. म्हणून आधी सगळ्यात मोठा आवाज शोधा आणि तो मारा. मग पुढचा. मीटर नसेल तर मोबाइलवर फुकट ॲप मिळतात, अगदी अचूक नसतात पण कुठला मोठा, कुठला लहान हे सांगतात. तेही नको असेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलून बघा. ओरडावं लागलं तर तिथे कान जातोय.

कायद्याचं सांगू की नको असं वाटत होतं, कारण कायदा म्हटलं की तुम्हाला इन्स्पेक्टर दिसतो. पण सांगतो. कारखान्यांसाठीच्या नमुना नियमांत मर्यादा आहे ती अशी: 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन, 105 ला एक, 110 ला अर्धा, 115 ला पाव तास. त्यावर क्षणभरही नाही. अमेरिकेतली आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था, नायॉश, याहून कडक आहे. ती 85 ला आठ तास देते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशोबाने 100 ला फक्त 15 मिनिटं. तुमचा सीएनसी ऑपरेटर शिफ्टमध्ये एकूण किती मिनिटं हवा मारतो, ते एकदा घड्याळ लावून मोजा. आवाजाने येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं सक्तीचं असलेल्या आजारांत होतं, आता त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. कामगार नुकसानभरपाईच्या आणि ईएसआयच्या जुन्या कायद्यांतही तो कामामुळे होणारा आजार धरला जायचा, आता त्यांच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही धरला जातो. तरी माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला त्यासाठी रुपया मिळालेला नाही. कारण नोकरीला लागताना कानाची तपासणी झालेली नसते. मग आज गेलेला कान कंपनीत गेला की गणपतीच्या मिरवणुकीत, हे कोण सिद्ध करणार?

मिरवणुकीवरून आठवलं. दरवर्षी दहा दिवस आपण सगळे डॉल्बीवर बोलतो, लिहितो, कोर्टात जातो. बरोबरच आहे. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 ची मर्यादा आहे, औद्योगिक भागातही 75 आणि 70. पण ते सगळं शेडच्या भिंतीबाहेरचं. भिंतीच्या आत वर्षाला 300 दिवस मिरवणूक चालू असते, तिच्याबद्दल कोणी पेपरात पत्र लिहीत नाही. म्हणून मी लिहितोय.

तुमच्यातल्या काहींकडे वीसपेक्षा कमी माणसं आहेत, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत तुमचा कारखाना कारखाना नाही. ते मला माहीत आहे. पण कानातल्या पेशी हजेरीपत्रक बघत नाहीत. माणूस लागला की आठवडाभरात एकदा त्याचा ऑडिओग्राम (कानाचा आलेख) काढा. आदल्या दिवशी सुट्टी असलेली बरी, शिफ्ट करून आलेला कान थकलेला असतो आणि चुकीचा आलेख देतो. नंतर वर्षातून एकदा. खर्च एका चांगल्या इन्सर्टच्या (कटिंगच्या पात्यांच्या) डबीपेक्षा कमी येतो.

आणि इअरप्लग? द्या, जरूर द्या. पण सगळ्यात शेवटी द्या. सायलेन्सर, नोझल, गळती, खोली झाल्यावर जे उरेल त्यासाठी. उलटं करू नका. 'प्लग वाटले, सही घेतली' एवढ्यावर फाइल बंद करणारे मी पाहिले आहेत. प्लग घालायचाही हात असतो: फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. आपली पोरं बाहेरच्या बाहेर चिकटवतात, फुलासारखा. आणि हिशोब बघा: डब्यावर 30 डेसिबल लिहिलेला प्लग आठ तासांत फक्त एक तास काढून ठेवला, साहेब बोलावतात म्हणून, फोन आला म्हणून, तर कान वाचतो नऊ डेसिबलच. निम्मा वेळ काढला तर तीन. कानात कापूस घालून फिरणाऱ्यांचं तर फारसं काही वाचत नाही, फक्त मनाला बरं वाटतं.

कुणी म्हणेल, अहो हा कारखाना आहे, देऊळ थोडंच आहे. मान्य. देवळातही आरतीला झांजा-घंटा असतातच. पण अर्ध्या तासात प्रसाद मिळतो आणि माणूस घरी जातो.

आता एक काम सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. येत्या गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असेल तेव्हा अर्ध्या तासासाठी शेडवर या. पोरांना बोलवू नका, एकटे या. कंप्रेसर चालू करा, रिसीव्हर पूर्ण भरू द्या. सगळी मशीन बंद, सगळ्या गन बंद, पण हवेचे कॉक उघडे. मग चहाचा कप घेऊन शेडच्या मध्यभागी उभे राहा. इतकी वर्षं जो आवाज मशीनच्या गलक्यात कधी ऐकू आला नाही, तो ऐकू येईल. मोबाइलचं घड्याळ लावा. कोणी हवा वापरत नसताना कंप्रेसर किती वेळ भरतो आणि किती वेळ थांबतो ते चार-पाच वेळा लिहून घ्या. एक मिनिट भरतो आणि चार मिनिटं थांबतो, तर पाचातलं एक, म्हणजे 20 टक्के हवा गळतीत चालली. दहाच्या खाली आलात तर तुमचा फिटर चांगला आहे, त्याला पगारवाढ द्या.

आकडा जास्त आला तर मला बोलवा. त्या दिवसाचे पैसे घेणार नाही, चहा चालेल. साबणाचं पाणी मी आणीन आणि त्या पोरालाही सोबत आणीन. त्याचे कान अजून चांगले आहेत, आणि मी त्याला दोन्ही कानांत प्लग घालूनच मशीनवर पाठवतो. फक्त एक करा. माझ्याशी बोलताना समोर उभे राहा, तोंड दिसू द्या, आणि काही आकडा सांगायचा असेल तर कागदावर लिहून द्या.

आपला,
एक मेंटेनन्स फिटर
भोसरी